१८ चा बेस, १० चा टॉम: सांगलीत छोटा ड्रम सेट जुळवताना

आमचा ग्रुप पाच जणांचा: दोन गायक, कीबोर्ड, ढोलकी-तबला आणि ड्रमवर मी. जुनी हिंदी गाणी, भावगीतं, एखाद-दोन लावण्या, शेवटाकडे नव्या सिनेमातलं काहीतरी. कार्यक्रम होतात ते सांगली-मिरज रस्त्यावरच्या मंगल कार्यालयांत, हॉटेलांच्या लॉनवर, विश्रामबागेतल्या सोसायट्यांच्या कोजागिरीला, आणि दिवाळीत पहाटेचे. इतकी वर्षं मी वाजवत होतो तो सेट २२ इंच व्यासाच्या बेस ड्रमचा (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), वर १२ आणि १३ चे टॉम (काड्यांनी वाजवायचे छोटे ड्रम), बाजूला १६ चा, जमिनीवर उभा राहणारा फ्लोअर टॉम. आवाजाला उत्तम. पण हल्ली वादकांना मिळणारी जागा आकसत चालली आहे. लग्नाच्या स्टेजवर सोफा, फुलांची कमान आणि फोटोग्राफरचे दिवे लागले की जो कोपरा उरेल तो आमचा. तिथे माझा सेट मांडला की ढोलकीवाले काका स्टेजखाली सतरंजीवर. हे मला अजिबात पटत नव्हतं. ढोलकी आणि ड्रम वाजवणाऱ्यांना एकमेकांचे हात दिसले पाहिजेत, नाहीतर समेवर येताना नुसत्या कानावर भिस्त ठेवावी लागते, आणि लॉनवर मॉनिटर (वादकांना ऐकू यावं म्हणून ठेवलेला स्पीकर) बरा मिळेलच असं नसतं.

म्हणून छोटा सेट घ्यायचं ठरलं. छोटा म्हणजे नेमका केवढा, हे ठरायला मात्र बराच काळ गेला, आणि त्या काळात ड्रमच्या मापांबद्दल मी जितका विचार केला तितका आधी कधी केला नव्हता.

बाजारात छोट्या सेटची साधारण दोन घराणी दिसतात. एक १८ इंची बेसचं. यामाहाच्या स्टेज कस्टम बॉप सेटमध्ये १८ चा बेस, १२ चा टॉम आणि १४ चा फ्लोअर टॉम येतो. टामाच्या क्लब-जॅममध्ये बेस १८ चाच, पण खोली फक्त १२ इंच, आणि सोबत १० चा टॉम, १४ चा उथळ फ्लोअर टॉम आणि १३ चा स्नेअर (खाली तारा असलेला, कडाडणारा ड्रम). दुसरं घराणं १६ इंची बेसचं. लुडविगने २०१३ साली क्वेस्टलव्ह या ड्रमरबरोबर काढलेला ब्रेकबीट्स सेट त्यातला सर्वांत ठाऊक: १६ चा बेस, १० चा टॉम, १३ चा फ्लोअर टॉम, १४ चा स्नेअर. १८ चा बेस तसा नवा नाही. १९६० च्या दशकात जॅझ वाजवणाऱ्यांत तो रुळलेला होता. टोनी विल्यम्स त्या काळात १८ वर वाजवत होते आणि १९७० च्या दशकात संगीत बदलल्यावर तेच २४ इंचीवर गेले. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. हात तेच, माणूस तोच. सोबत काय वाजतंय त्यावर ड्रमचं माप ठरलं.

आमच्या सोबत काय वाजतं? ढोलकी. सगळा निर्णय शेवटी या एका गोष्टीपाशी येऊन थांबला.

पुण्यातल्या एका मित्राचा १६ चा सेट मी तालमीसाठी काही दिवस सांगलीला आणला. गाडीत ठेवताना इतका आनंद झाला की तिथेच हा घ्यायचा असं मनात आलं. बेस ड्रम मागच्या सीटवर, बाकी सगळं डिकीत, आणि पुढे शेजारी माणूस बसू शकत होता. तालमीत एकटं वाजवून पाहिलं तर ठोका नेमका, खणखणीत. मग काकांनी लावणी धरली. दोन आवर्तनं झाली आणि ते थांबले.

"आरं, तुझा बेस आन् माझी धूम एकाच जाग्याला बसायला लागलीया. कुणाचं काय वाजतंय कळंना झालंय."

"काका, मी हळू वाजवतो. परत धरा."

"हळू वाजवून काय हुतंय? आवाजाची जागाच ती हाय."

ते म्हणाले तसंच होतं. ढोलकीची धूम, म्हणजे डाव्या अंगाची मसाला लावलेली पुडी, घुमते ती जागा आणि १६ चा बेस बोलतो ती जागा फारच जवळ. तबल्याबरोबर डग्ग्याचंही तेच. रॉक वाजवणाऱ्या ग्रुपमध्ये बेस ड्रमच्या वरची ती जागा रिकामी असते, म्हणून तिथे छोटा बेस खपून जातो. आमच्याकडे तिथे आधीच एक माणूस बसलेला आहे, आणि गाण्याचा अर्धा डौल त्याच्या हातात आहे. मी त्याच्या खाली जायला हवं.

आमचे कीबोर्डवाले सर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतात. त्यांनी वहीच्या पानावर हिशेब मांडून दिला. ड्रमचं पान, म्हणजे ज्यावर ठोका पडतो तो ताणलेला पडदा, तेच आणि ताण तोच ठेवला तर आवाजाची पट्टी व्यासाच्या उलट प्रमाणात चढते. २२ च्या पानाला सा धरला, तर १८ चं पान साडेतीन अर्धस्वर वर बोलणार, म्हणजे कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी. १६ चं साडेपाच अर्धस्वर वर, शुद्ध आणि तीव्र मध्यमाच्या मधे. आतली हवा, पुढचं पान यांमुळे प्रत्यक्षात आकडे थोडे इकडेतिकडे सरकतात, पण कल हाच राहतो. मिरजेशी संबंध असलेल्या कुणाला हे नवीन वाटणार नाही. सतारमेकर गल्लीत पुरुषांच्या पट्टीचा तंबोरा मोठ्या भोपळ्याचा असतो, बायकांच्या पट्टीचा लहान. उंच पट्टीचं वाद्य लहान अंगाचंच हवं.

मी विचारलं, "सर, मग पान सैल करून १६ चा बेस खाली उतरवता येणार नाही का?" ते म्हणाले, येईल, पण पट्टी ताणाच्या वर्गमुळाने बदलते. १८ ला २२ च्या पट्टीवर आणायचं तर ताण दोन तृतीयांश करावा लागेल, १६ ला जवळपास निम्मा. आता अडचण अशी की २२ चा बेस आपण मुळातच सैल लावलेला असतो, सुरकुती जाईल इतपतच. त्याच्याही निम्मा ताण म्हणजे पान लोंबणार, बीटर (पेडलचा ठोकणारा गोळा) आत रुतणार, आणि पायाला परत उसळी मिळणार नाही. दुसरा मार्ग पान जड घेण्याचा. त्याच ताणावर जड पान खाली बोलतं. १८ ला तेवढी मदत पुरते, १६ ला पुरत नाही. निदान धूम टाळण्याइतकी तरी नाहीच.

इथे १६ चा विषय संपला. ज्यांच्या ग्रुपमध्ये ढोलकी-तबला नाही, नुसती गिटार आणि एखादा गायक आहे, त्यांनी मात्र १६ चा विचार जरूर करावा. तो ठोका मला आजही आवडतो.

२० का नाही, असं बऱ्याच जणांनी विचारलं. आवाजाला २० उत्तम, यात वाद नाही. पण २२ वरून २० वर येऊन फक्त दोन इंच वाचतात, आणि माझ्या गाडीच्या मागच्या दारातून बॅगेसकट २० चा ड्रम आडवा जात नाही, हे टेप लावून पाहिलं होतं. वाचायचंच तर ठसठशीत वाचावं.

व्यास ठरला, आता खोली. छोटा सेट म्हटलं की लोक व्यासाबद्दलच बोलतात. खरी जागा खोलीत अडकलेली असते. आमच्या हॉलमध्ये मी फरशीवर चिकटपट्टीने पाच बाय पाच फुटांचा चौकोन आखला आणि त्यात जुना सेट मांडून बसलो. बेस ड्रमची खोली, त्यामागे पेडल, मग माझं स्टूल, एवढ्यानेच चौकोन भरून पाठ भिंतीला लागली. रुंदीला मात्र थोडी जागा होती. म्हणजे १८ इंच खोलीचा बेस १४ वर आणला की दहा सेंटिमीटर सुटतात, आणि तेवढ्यात माणूस मोकळा बसतो. पट्टीवर खोलीचा परिणाम व्यासाच्या मानाने कमी. ठोक्याचा भरीवपणा आणि नाद किती रेंगाळतो हे मात्र तिच्यामुळे बदलतं. १२ इंच खोली ऐकली, ठोका चटकन येऊन जातो, लॉनवर कोरडा वाटला. १४ वर मन बसलं. १८ × १४ च्या (आधी व्यास, मग खोली) पोटात २२ × १८ च्या साधारण निम्मी हवा असते, तेव्हा आवाजाचा आकारही कमी होणार हे गृहीत धरलं होतं. पहाटेच्या कार्यक्रमाला तर ते हवंच होतं. भूपाळीमागे ब्रश धरून हळू वाजवताना २२ चा बेस सारखा दाबून धरावा लागायचा.

असा सेट कोल्हापुरात एकाने विकायला काढला होता: १८ × १४, १२ × ८, १४ × १४. जुना ड्रम घेताना रंग-चकाकी कुणीही पाहील. बघायची असते ती शेलची, म्हणजे ड्रमच्या लाकडी अंगाची, कड. पान काढायचं, शेल ती कड खाली करून सपाट जागेवर ठेवायचं, आत टॉर्च सोडायचा आणि खोलीतला दिवा घालवायचा. कड सपाट असेल तर बाहेर उजेडाची रेघ दिसत नाही. स्वयंपाकघरातला ग्रॅनाइटचा ओटा यासाठी नामी, फक्त आधी घरात सांगून ठेवावं आणि ओटा कोरडा पुसून घ्यावा. त्याच वेळी व्यास दोन-तीन दिशांनी मोजायचा. शेल लंबगोल झालं असेल तर कितीही चावी फिरवा, सूर एकसारखा लागत नाही.

बेस आणि टॉम स्वच्छ निघाले. फ्लोअर टॉमच्या खालच्या कडेला बोटभर लांबीत उजेड दिसला. किंमत त्या हिशेबाने ठरली आणि शेल मी मिरजेत तंबोऱ्याचं काम करणाऱ्या एका कारागिराकडे नेलं. त्यांनी जाड काचेवर पॉलिश पेपर चिकटवला, शेल त्यावर पालथं ठेवलं आणि दोन्ही हातांनी गोल गोल फिरवायला लागले. मी हात घातला तर म्हणाले, "दादा, उंच दिसतंय तिथं दाबू नका. नुसतं फिरवत राहा, वजन त्याचं त्याला पडू दे." थोड्या वेळाने बोट फिरवून पाहिलं, मग आतल्या अंगाने घासून पंचेचाळीस अंशांचा उतार परत काढला आणि कडेवर किंचित मेण चोळलं. ड्रम त्यांनी आयुष्यात कधी केला नव्हता. लाकडाची कड तारेखाली असो की पानाखाली, ती कुठे टेकते आणि कुठे नाही एवढंच त्यांनी पाहिलं. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या हातांचं आहे.

आता टॉम. सेटबरोबर आलेला १२ चा टॉम मी घरी ठेवला आणि १० × ७ चा वेगळा घेतला. हे घेतानाच ठरलेलं होतं. एकच टॉम आणि एकच फ्लोअर टॉम ठेवायचा तर दोघांमधलं अंतर कानाला ठळक कळलं पाहिजे. सरांच्याच हिशेबाने १४ च्या सा वर १२ चा टॉम पावणेतीन अर्धस्वरांवर येतो, जेमतेम कोमल गंधारापर्यंत. १० चा येतो तीव्र मध्यमाच्या अगदी जवळ. जुन्या हिंदी गाण्यांत अंतऱ्याआधी टॉमवरून खाली उतरणारी जी सरसर असते, ती आपल्याकडच्या प्रत्येक श्रोत्याच्या कानात बसलेली आहे. मूळ गाण्यात त्यासाठी तीन-चार टॉम असतील, माझ्याकडे दोनच. मग त्या दोघांत उतार दिसलाच पाहिजे. १२ आणि १४ ताण बदलून लांब नेता येतात, पण मग एक जण तरी आपल्या सोयीच्या जागेबाहेर जातो. एक तर १२ करकरतो किंवा १४ सैल पडतो. प्रत्येक ड्रमला एक पट्टा असतो ज्यात तो मोकळा बोलतो, आणि माप निवडायचं ते तो पट्टा आपल्याला हव्या त्या जागी येईल असं.

१० वर एक आक्षेप येतो, की आवाज मुलांच्या खेळण्यातल्या ड्रमसारखा होतो. वरचं पान फार ताणलं तर होतोच. मी वर कोटेड एकपदरी पान लावलं आणि खालचं वरच्यापेक्षा थोडं चढवून ठेवलं. ढोलकीच्या शाईच्या बाजूशी त्याची गाठ पडत नाही, कारण शाई स्वच्छ सुरात असते आणि टॉम पटकन विरतो. फ्लोअर टॉमला उलट दुपदरी पान घेतलं, कारण त्याला खाली जायचं आहे. चावी फिरवताना समोरासमोरचे रॉड (पान ताणणारे कडेचे स्क्रू) घ्यायचे, पाव पाव फेरी, आणि प्रत्येक रॉडजवळ बोटाने टिचकी मारून सूर ऐकायचा. हे काम घाईत होत नाही. तबलजी कार्यक्रमाआधी हातोडी घेऊन बसतो तेव्हा कुणी त्याला चल म्हणत नाही. ड्रमवाल्यानेही तेवढा वेळ मागून घ्यावा.

याच कारणाने एकात एक ड्रम बसवून नेण्याची युक्ती मी केली नाही. डबा डब्यात बसतो तसा टॉम फ्लोअर टॉममध्ये बसतो खरा, पण त्यासाठी दर वेळी पान काढायचं आणि पोहोचल्यावर परत लावायचं. गाडीत थोडी जागा वाचते आणि सूर जातो.

१८ चा बेस घेतल्यावर जी गोष्ट लगेच करावी लागते ती म्हणजे त्याला उचलणं. २२ चा मध्य जमिनीपासून जिथे असतो त्यापेक्षा १८ चा मध्य पाच सेंटिमीटर खाली येतो. पेडल तसंच लावलं की बीटर मध्याच्या वर बसतो आणि ठोक्यात नको ते वरचे सूर मिसळतात. बीटरची दांडी खाली घेता येते, पण मग पायाची फेक बदलते. इतक्या वर्षांची सवय मोडायची नाही. बेसखाली लावायची लिफ्ट मिळते, तिलाच पेडल अडकतं. ती लावली, पुढचे पाय त्या हिशेबाने लांब केले, आणि ठोका मध्यावर आला तेव्हा आवाज एकदम खाली बसला. इतका फरक मला पानं बदलूनही मिळाला नव्हता. १० चा टॉम बेसवर न ठेवता क्रॅश या झांजेच्या स्टँडला अडकवला. छोटा बेस हलका असतो, त्याच्यावर वजन टांगलं की तो पुढे झुकतो आणि टॉम वाजला की सोबत घुमतो. हलका असल्यामुळे पुढे सरकतोही; खाली सतरंजी नुसती पुरत नाही, सतरंजीखाली रबरी मॅट हवी.

स्नेअर माझा जुनाच, १४ × ५ चा. १३ चा घेऊन जागा वाचते ती नगण्य, आणि १४ चं पान कुठल्याही गावात मिळतं. झांजांत हाय-हॅट १४ चे, क्रॅश एकच १६ चा, राईड २० ची ठेवली. राईड कमी करायला मन झालं नाही.

बेसला आतून कडेला पातळ पट्टी असलेलं पान लावलं, म्हणजे फाजील नाद आपोआप दबतो, आत उशी-टॉवेल कोंबावं लागत नाही. पुढच्या पानाला माइकसाठी छोटं भोक, मध्यावर नाही, कडेकडे. पहिल्या कार्यक्रमाला साऊंडवाल्याने ड्रमकडे बघून विचारलं, "सर, बेस हाच का अजून यायचाय?" माइक लावून त्याने सब, म्हणजे खर्जाचा मोठा स्पीकर, चालू केला आणि मान डोलावली. स्पीकरमधून येणाऱ्या आवाजाला ड्रमचा आकार दिसत नसतो; नीट लावलेला १८ माइकवर न लावलेल्या २२ पेक्षा केव्हाही सरस. माइक नसेल आणि मैदान उघडं असेल, तर मात्र १८ कमी पडतो. अशा ठिकाणी मी अजून २२ च नेतो.

त्या रात्री काका माझ्या डाव्या हाताला, स्टेजवर, हातभर अंतरावर बसले. लावणी धरली तेव्हा धूम वर आणि बेस तिच्या खाली, दोन्ही वेगवेगळे ऐकू येत होते. मधल्या सुट्टीत चहा घेताना ते एवढंच म्हणाले, "आता बसलं बघ." मग लगेच तिसऱ्या गाण्यात मी लय किंचित ओढली होती, त्याबद्दल बोलायला लागले.

कुणी या वाटेने जाणार असेल तर एक काम सेट घेतानाच उरकावं: १८ चं बेसचं जादा पान मागवून ठेवणं. सांगलीत २२ चं पान दुकानात हाताला लागतं, १८ चं बहुधा मागवावं लागतं, आणि लग्नसराईत ते यायला वेळ लागतो. माझं जादा पान बेसच्या बॅगेतच पाठीमागे सपाट ठेवलेलं असतं, चावी आणि रॉडसाठी थोडं ग्रीस त्याच खिशात.